गुलाब, जाई, सूर्यफूल वगैरे

प्लंबरने इमारतीचा गळका पाइप दुरुस्त केला आणि जाताना फाटकाशेजारी एक खड्डा तसाच ठेवून गेला. "फरशी बसवायला उद्या येतो," म्हणाला. तो उद्या तीन आठवड्यांत उजाडला नाही, तेव्हा सेक्रेटरीची बायको म्हणाली, "अहो, त्यात एखादं झाड तरी लावा. नाहीतर कुणीतरी तंगडं मोडून घेईल, आणि बघायला जावं लागेल ते वेगळंच."

सेक्रेटरी तसा निरुपद्रवी माणूस. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन कुणालाही 'नाही' म्हणायचं नाही, असा त्याचा नेम होता. इमारतीचं सेक्रेटरीपदही असंच गळ्यात पडलेलं. तेव्हा झाड लावण्याआधी चार लोकांना विचारावं, असा सभ्य विचार त्याच्या मनात आला आणि तिथेच सगळं फिसकटलं.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "सूर्यफूल! दुसरं काही नको. अहो, दिवसभर मी 'आ करा, आ करा' म्हणून घसा फोडतो. न सांगता एवढं मोठं तोंड उघडणारं जगात तेवढं एकच आहे."

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त फौजदारांनी प्रश्न पुरा होऊच दिला नाही. "गुलाब. आपला बंदोबस्त आपण करणारं फूल. बाकीच्यांचं काय, कुणीही यावं आणि खुडून न्यावं!" मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "लग्नाआधी मी हिला रोज एक गुलाब द्यायचो. कुठून आणायचो ते विचारू नका. माझ्याच हद्दीतल्या चोऱ्या होत्या."

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची आणि त्यांचा सगळा कारभार खिडकीतून चालायचा. त्या म्हणाल्या, "जाई लावा. दवाखान्यातल्या त्या लवंगतेलाच्या वासावर काहीतरी उतारा हवाच आहे."

खड्डा एक आणि झाडं तीन, आणि कुणाला कुठलं हवंय ते एव्हाना सगळ्या इमारतीला ठाऊक. त्यात या मंडळींचं वैर साधं नव्हतं. मागे फाटकाच्या रंगावरून तिघांत दोन वर्षं अबोला होता, आणि फाटक अजूनही अर्धं हिरवं, अर्धं तपकिरी होतं.

रविवारी तो रोपवाटिकेत गेला आणि माळ्याला म्हणाला, "तिघांनाही आवडेल असं एक रोप द्या."

माळ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग खताच्या ढिगाच्या कडेला आपोआप उगवलेलं एक रोप मुळासकट उचलून पिशवीत घालून दिलं. "हे न्या. याला मरण नाही."

कसलं रोप, हे सेक्रेटरीने विचारलं नाही. दोनच तर पानं होती.

फाटकात डॉक्टर उभे होते. "सूर्यफूल ना?" त्यांनी हळूच विचारलं. खरं सांगायला दोनतीन वाक्यं तरी लागली असती. सेक्रेटरी नुसता "हं" म्हणाला आणि घाईघाईने पुढे म्हणाला, "पण आत्ता कुणाला बोलू नका, उगाच चर्चा होते." जिन्यात फौजदार भेटले. "गुलाब?" "हं. पण कुणाला बोलू नका." रोप लावून हात धुतोय तोच वरून आवाज आला, "सेक्रेटरी, जाई मिळाली का?" त्याने वर बघून मान हलवली. ती मान होकारार्थी हलली की नकारार्थी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही तिघांनाही फसवलंत?" बायको म्हणाली.

"फसवलं कुठे? 'हं' म्हणालो."

रोपाचे मात्र सुगीचे दिवस आले. डॉक्टर सकाळी पाणी घालायचे. फौजदार दुपारी सगळीकडे सामसूम बघून खत टाकायचे, शिवाय त्यांनी भोवती विटांचा गराडा घातला. बाईंनी तर खिडकीतून थेट खड्ड्यापर्यंत सुतळी सोडली. असा पाहुणचार मिळाल्यावर कुठलं रोप गप्प बसेल? महिनाभरात पानं ताटाएवढी झाली. देठांवर बारीक काटेरी लव आली, ती बोटाला टोचल्यावर फौजदार खूश होऊन आले. "काटे धरले! जातिवंत आहे." पुढे रोपाने हातपाय पसरले आणि सुतळी धरून ते वर निघालं, तसं बाईंनी खिडकीतून सांगितलं, "चढतेय हो तुमची जाई!" आणि एका सकाळी तळहाताएवढी पिवळीधमक फुलं उघडलेली दिसली, तेव्हा डॉक्टर एक पेशंट तसाच खुर्चीत आ करून ठेवून बाहेर धावले.

प्रत्येकाला आपल्यापुरतं दिसत होतं. ताटाएवढ्या पानांचा गुलाब कुणी पाहिलाय, हे विचारण्याचं धाडस सेक्रेटरीने केलं नाही. छापखान्यात मात्र त्याच्या हातून चुका निसटू लागल्या. एका लग्नपत्रिकेत 'शुभविवाह'चा 'शुभविवाद' झाला आणि तो तसाच छापून गेला.

भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. इथे तो एका सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, फौजदारांच्या गाडीच्या टपावर फुटला.

आवाज एवढा झाला, की दवाखान्यातल्या पेशंटने डॉक्टरांचं बोट चावलं. बाई सोडून सगळे बाहेर धावले. टपाला परातीएवढा पोचा पडला होता, पानांआड कुणाला न दिसता पोसलेल्या भोपळ्याचा केशरी गर काचेवरून ओघळत होता आणि बिया पार फाटकापर्यंत उडाल्या होत्या.

फौजदारांचा चेहरा कामावर असतानाचा झाला. "हे झाड कोणाचं?"

कालपर्यंत मनातून तिघांचंही असलेलं ते झाड एका क्षणात पोरकं झालं.

"बाईंचं," डॉक्टर बोट चोखत म्हणाले. "सरळ वेल आहे. जाईशिवाय काय असणार?"

"फुलं बघा की!" बाई वरून म्हणाल्या. "पिवळी आहेत. डॉक्टरांचं सूर्यफूल आहे ते."

"सूर्यफुलाला काटे असतात का हो?" डॉक्टर उसळले. "काटे कुणाला हवे होते? साहेबांनाच. तुमच्याच गुलाबाने तुमची गाडी फोडली!"

फौजदार गरगर फिरून गाडीकडे, वेलीकडे आणि शेवटी सेक्रेटरीकडे बघू लागले. "साहेब," तो म्हणाला, "मीच तिघांनाही 'हं' म्हणालो."

पेशंट तेवढा रुमालाआडून हसला.

"कबुली दिलीत, बरं केलंत," फौजदार म्हणाले. "आता वर जा आणि बाईंच्या खिडकीपासून ही बला कापून खाली टाका. आत्ताच्या आत्ता. मी इथे उभा आहे."

पहिल्या मजल्यावरच्या आपल्या घरातून मोठी कात्री घेऊन सेक्रेटरी आणखी एक जिना चढला. बाईंचं दार उघडंच होतं. वेल गजांतून आत शिरून टेबलापर्यंत आली होती. तिचा शेंडा बाईंच्या चष्म्याच्या घरावर विसावला होता. बाईंनी तिच्याखाली नीट वर्तमानपत्र अंथरलं होतं.

"कापायला आलात?" बाईंनी विचारलं.

"माफ करा बाई. जाई म्हणून मी तुम्हाला भलतंच—"

"अहो, तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय मी. तिसरं पान आलं तेव्हाच कळलं भोपळा आहे ते."

सेक्रेटरीच्या हातातली कात्री तशीच राहिली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर उपटला असता तुम्ही. जाईला इथवर यायला दोन-तीन वर्षं लागली असती. हा तीन महिन्यांत आला." त्यांनी शेंडा हलकेच उचलून पुस्तकांच्या कपाटाकडे वळवला. "माझे गुडघे गेले त्याला चार वर्षं झाली. तुमच्या घरापासून इथवर वीस पायऱ्या आहेत, सेक्रेटरी. तुम्ही आज पहिल्यांदा चढलात."

सेक्रेटरीला 'हं' म्हणायचीही भीती वाटली.

"काय झालं? कापताय ना?" खालून फौजदार गरजले.

बाई खिडकीपाशी सरकल्या. "फौजदार, अजून दोन लोंबतायत. तुमच्या गाडीच्या बरोब्बर वर. वेलीला नुसता धक्का लागला तरी सुटतील. कापू का?"

खाली गाडी एका झटक्यात सुरू झाली, खडखडत मागे गेली आणि फाटकाबाहेर पडली, ती गल्लीच्या टोकाला जाऊन थांबल्याचा आवाज आला.

"बसा," बाई सेक्रेटरीला म्हणाल्या. "चहा टाकते. ती कात्री तिकडे ठेवा. आणि पुढच्या खेपेला दोडका आणा. पडला तरी पोचा येत नाही."