सटवाजी मामांचं नाक

सटवाजी मामा आधी तुमचा डबा हुंगायचे आणि मग तुम्हाला रामराम करायचे.

परभणीच्या आमच्या कॉलेजात, जीवरसायनशास्त्र विभागात मी नवीन लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रकार माझ्या वाट्याला आला. टेबलावर डबा ठेवला तोच पांढरी टोपी घातलेले एक उंच, वाळकुडे गृहस्थ आले, झाकणाशी वाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "करडईचं तेल. चांगलं हाय, पण परवाच्या तळणातलं उरलेलं हाय." मग सरळ होऊन त्यांनी हात जोडले. "रामराम म्याडम. मी सटवाजी. इथला अटेंडंट."

संध्याकाळी घरी गेल्यावर आईला विचारलं. तिचा चेहराच पडला. तेल परवाच्या पुऱ्यांचं होतं.

मामा रोज बोरीहून एस.टी.नं यायचे. शिक्षण चौथी. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं आणि बाटल्या जागच्या जागी लावणं हे त्यांचं काम. पण सगळ्या कॉलेजात त्यांचा दरारा होता तो नाकामुळे. आणि गंमत म्हणजे या नाकाची जबाबदारी ते स्वतःवर घेत नसत. "माझं न्हाई, नाकाचं म्हणणं हाय," असं सांगून मोकळे व्हायचे. जणू नाक हे कुणी वेगळंच खडूस बिऱ्हाडकरू होतं आणि मामा नुसते त्याचा निरोप पोचवत होते.

एकदा पूर्णेला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली, वाढपी बुंदी घेऊन आला. मामांनी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि शेजारी बसलेल्या आम्हा सगळ्यांना हळूच सांगितलं, "जिलबी खुशाल खा. बुंदीला नका नादी लागू. नाकाचं म्हणणं हाय, तूप गेलंय." आमच्या रांगेत एकानंही बुंदी घेतली नाही. समोरच्या रांगेनं आम्हाला हसत हसत दोनदा वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी समोरच्या रांगेतले तिघेजण रजेवर होते.

मी पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला तो तेल खवट होण्याचा. करडईचं तेल आपल्याकडे घरोघरी, पण ते लवकर बिघडतं. हवा आणि उजेड लागला की त्यातल्या एखाद्या रेणूचा इलेक्ट्रॉन जातो. तो रेणू अर्धवट राहतो आणि शेजाऱ्याचा ओढतो. शेजारी आणखी पुढच्याचा ओढतो. अशा अर्धवटांना फ्री रॅडिकल म्हणतात. डाळिंबाच्या सालीतली द्रव्यं आपला इलेक्ट्रॉन देऊन हे भांडण मिटवतात का, एवढंच मला तपासायचं होतं. मी हे मामांना समजावून सांगितलं. "म्हंजे साल आपल्या पदरचं देती अन् गप बसती," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून स्टँडजवळच्या रसवाल्याकडून ते पिशवी भरून डाळिंबाच्या साली आणू लागले.

तेल किती बिघडलं हे मोजायची एक नेहमीची पद्धत आहे. त्यात आकडा मिळतो. आकडा जितका मोठा तितकं तेल बिघडलेलं. काही आठवडे साल न घातलेल्या तेलाचा आकडा वर वर गेला आणि मी खुशीत होते. मग तो खाली यायला लागला. पुस्तकात वाचलेलं सगळं मी घाबरून विसरले. रसायन बदललं, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. आकडा म्हणत होता, तेल सुधारतंय. मी डोकं धरून बसले.

मामांनी बाटली उघडली, नाकाशी धरली आणि चटकन बाजूला केली. "तेल सुधरत नसतंय म्याडम. पार कामातून गेलंय ह्ये."

मग माझं डोकं ताळ्यावर आलं. पहिल्या टप्प्यात तयार होणारी द्रव्यं आकड्यात दिसतात, पण त्यांना वास नसतो. पुढे ती फुटतात. मग आकडा उतरतो आणि खवट वास सुटतो. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, मामांना नाकानं कळत होतं. त्या दिवशी मी ठरवलं की नुसत्या आकड्यांवर काम उभं करायचं नाही, वासाचंही एक प्रकरण लिहायचं. वास पारखणाऱ्यांत नऊ विद्यार्थी घेतले आणि दहावे मामा.

झालं, त्या दिवसापासून विभागात मामांचं राज्य सुरू झालं. पारखायच्या दिवशी कुणी अत्तर लावायचं नाही, गजरा माळायचा नाही, उदबत्ती लावायची नाही. विभागप्रमुखांच्या केसांना लावलेल्या तेलावरून मामांनी त्यांनाच दारात थांबवलं आणि नम्रपणे सांगितलं, "साहेब, आज तेवढं बाहेरून बोला." स्वतः मामा त्या दिवशी चहा घेत नसत, साबण लावत नसत. तंबाखूची चंची तर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बोरीच्या पारावर कुणाला तरी देऊन टाकली. चार वर्षं हे चाललं. विद्यार्थी बदलत गेले, मामा एकदाही चुकले नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. विद्वान आणि कडक. त्यांनी प्रबंध उघडला, वासाच्या प्रकरणावर बोट ठेवलं आणि विचारलं की पारखणाऱ्यांच्या यादीतले हे सटवाजी कोण. माझ्या मार्गदर्शकांनी मला आधीच सांगितलं होतं की अटेंडंटचं नाव यादीत कशाला, आभारात टाका. मी ऐकलं नव्हतं. आता मी खरं ते सांगितलं. परीक्षकांनी चष्मा काढला. चौथी शिकलेल्या माणसाच्या नाकावर अख्खं प्रकरण उभं आहे, ते काढून टाकून प्रबंध पुन्हा सादर करावा, असं त्यांचं मत पडलं. चार वर्षं डोळ्यांसमोर आली.

"सर, ते बाहेरच बसलेत," मी म्हणाले. "तुम्हीच परीक्षा घ्या."

परीक्षकांनी माझी कोष्टकं चाळली आणि नेमकी जागा पकडली. साल न घातलेल्या तेलाचा एक नमुना सुरुवातीच्या आठवड्यातला, एक शेवटच्या आठवड्यातला. दोघांचा आकडा एकच. चढताना लागलेला आणि उतरताना लागलेला. दोन्ही नमुने मी फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. त्यांनी ते स्वतः काढले, आत जाऊन लहान तपकिरी बाटल्यांत ओतले आणि बुडाशी खुणा केल्या. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तीन बाटल्या होत्या.

मामा आत आले. टोपी सारखी केली, सगळ्यांना रामराम केला आणि पहिलं वाक्य बोलले ते परीक्षकांना. "साहेब, तुमी जरा खिडकीकडं बसा. अत्तर भारी हाय, पण आत्ता नको."

मार्गदर्शकांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक मात्र निमूट उठले आणि खिडकीशी जाऊन बसले.

मामांनी बाटली उघडलीच नाही. ती मुठीत धरून नुसते उभे राहिले. परीक्षकांनी विचारलं, काय चाललंय. मामा म्हणाले की गार तेल मुकं असतं, आधी ऊब द्यावी लागती. तिन्ही बाटल्या त्यांनी अशाच एकेक करून मुठीत धरल्या. मग पहिली उघडली, हुंगली. दुसरी हुंगली. खिडकीबाहेर तोंड करून मोठा श्वास घेतला. तिसरी हुंगली, पुन्हा पहिली घेतली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"ह्ये चढायलंय," त्यांनी पहिली बाटली टेबलावर ठेवली. "अजून वास फुटला न्हाई, पण आतून सुरू झालंय. अन् ह्ये उतरायलंय. ह्यात आता काई राहिलं न्हाई." तिसरी बाटली त्यांनी पहिलीच्या शेजारी ठेवली आणि ओशाळून हसले. "अन् ही म्हंजे हीच हाय. साहेबांनी माझी गंमत केली."

परीक्षकांनी तिन्ही बाटल्या उलट्या करून बुडाच्या खुणा पाहिल्या. एकदा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मग ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि दोन्ही हातांनी त्यांनी मामांचा हात धरला.

"हे प्रकरण एका अक्षरानंही बदलायचं नाही," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "आणि यांचं नाव यादीत सगळ्यांत वर घ्या."

त्या दिवशी कॉलेजभर पेढे वाटले. पेढा हातात घेताना जो तो आधी मामांकडे बघत होता. त्यांनी मान डोलावली की मग तोंडात टाकत होता.

पुढच्या रविवारी मी साडी आणि पेढे घेऊन बोरीला त्यांच्या घरी गेले. मुलगी लग्न होऊन पाथरीला दिलेली, घरात दोघंच. गयामामींनी धपाटे केले होते. तव्यावर तेल सोडण्याआधी त्यांनी तेलाचं भांडं मामांपुढे धरलं. मामांनी हुंगून मान डोलावली, तेव्हा कुठं त्यांनी ते वापरलं. मला वाटलं, घरातही यांचा दरारा आहे.

मामी हसल्या. म्हणाल्या की त्यांचं माहेर तेल्याचं, दारात घाणा होता. घाण्यातून पडणाऱ्या धारेचा वास घेऊन त्या सांगायच्या, दाणा कोणत्या रानातला. लग्न झालं तेव्हा ह्यांना गोडं तेल अन् रॉकेल यातला फरक कळत नव्हता. सगळं त्यांनीच शिकवलं. "पण कोरोना झाला अन् माझं नाकच गेलं बघा," त्या सहज म्हणाल्या. "तवापासून ना वास ना चव. खायचं म्हणून खाती."

मामा खाली मान घालून धपाटा मोडत होते. कोनाड्यात चार लहान बाटल्या मांडलेल्या दिसल्या. लवंग, हिंग, लिंबाची साल, कापूर. डॉक्टरांनी सांगितलेला नाकाचा व्यायाम. मामा रोज सकाळी एस.टी.ला निघण्याआधी आणि संध्याकाळी परत आल्यावर मामींसमोर बसायचे, एकेक बाटली धरायचे आणि काय येतंय का, विचारायचे. इतकी वर्षं, एकही दिवस न चुकवता. उत्तर रोज एकच, न्हाई. मग तो वास कसा आहे ते मामा त्यांना तोंडानं सांगायचे.

"मला सांगता येत न्हाई नीट," मामा म्हणाले. "वास सांगायला शब्दच न्हाईत म्याडम. हिनं शिकवलं तवा बोलून थोडंच शिकवलं." इतकं बोलून ते पाणी आणायला उठले आणि बराच वेळ आले नाहीत.

दिवाळीनंतरची गोष्ट. मामा कधी नव्हे ते दोन तास उशिरा आले. टोपी वाकडी, श्वास लागलेला, छातीशी फडक्यात बांधलेली बरणी. कुणाला रामराम नाही, काही नाही. बरणी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, जवसाची चटणी हाय, बघा.

मी झाकण काढलं आणि मान मागे घेतली. चटणी पार खवट झाली होती.

"सकाळी भाकरीसंगं काढली," मामा म्हणाले. "मी हुंगायच्या आधी ती म्हणली, ही खवट झाली, टाका."

विभागातले सगळे जमा झाले. मामांनी ती बरणी एकेकाच्या नाकाशी धरली. प्रमुखांच्या धरली, विद्यार्थ्यांच्या धरली, खालच्या मजल्यावरून शिपाई आला त्याच्याही. जो तो नाक मुरडत होता आणि मामा डोळे पुसत पुन्हा पुन्हा विचारत होते, "हाय का न्हाई खवट? लय खवट हाय ना?"