आजोबांचे कान

"एक तर हे मिशाळ लष्कर या घरात राहील, नाहीतर मी!" सेलेदोनियाबाईंनी जावयाला बजावलं. घर त्यांचंच होतं, त्यामुळे कोण राहणार हे नेल्सनला वेगळं सांगायची गरज नव्हती.

मेलो गावच्या टपाल कचेरीतून नेल्सन निवृत्त झाला आणि जुन्या लष्करी अधिकाऱ्यांचे सहीचे फोटो जमवायच्या नादी लागला. पलंगाखाली मेजर, कपाटावर कप्तान आणि न्हाणीघराच्या दारामागे एक जनरल. त्या जनरलसमोर अंघोळ करायची म्हणजे सेलेदोनियाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"रविवारपर्यंत सगळे कोंबड्यांच्या खुराड्यात."

"आई, अहो ओल लागून सह्या जातील!"

"मग माझ्या आजोबांचा सहीचा फोटो आण. परक्यांच्या मिशा बघून कंटाळले मी. आणलास तर पुढची खोली तुझी."

नेल्सनने कपाळाला हात लावला. मेलोत माणूस जन्माला येतो तो पांढऱ्या पक्षाचा किंवा तांबड्या पक्षाचा म्हणूनच. पणजोबांनी टोपीला पांढरी नाहीतर तांबडी फीत बांधून एकमेकांवर भाले चालवले होते. भाले गंजून गेले, पण सोयरीक जमवताना आजही आधी फितीचा रंग विचारतात. सेलेदोनियाबाईंचं घर तर इतकं पांढरं, की टोमॅटोदेखील नाइलाजानेच आत यायचे. त्यांचे आजोबा कर्नल फोर्तुनातो ओलिवेरा हे पांढऱ्यांचं दैवत. पण या दैवताने जन्म घोड्यावर काढलेला. त्याचा फोटो आजवर कुणाच्याही दृष्टीस पडला नव्हता.

रविवारच्या बाजारात एका जुन्या सामानाच्या पथारीवर नेल्सनला फोटोची एक चौकट दिसली.

"कुणाचा हो हा?"

"कर्नलचा," विकणारा म्हणाला.

"कुठल्या?"

"तुम्हाला कुठला हवाय?"

एरवी एवढ्या उत्तरावर नेल्सन पाठ फिरवून निघून गेला असता. पण त्याचं लक्ष कानांकडे गेलं. सुपासारखे कान! असे कान अख्ख्या मेलोत दोनच डोक्यांना होते. एक त्याची बायको मिर्था, दुसरी तिची आई. काच गढूळ होती, वर चुन्याचा ओघळ आलेला, पण टोपीची फीत पांढरी दिसत होती. खाली कोंबडीने पाय पुसावेत तशी सही. जुनी चौकट उघडायची नाही, हा या छंदातला पहिला नियम. नेल्सनने तो पाळला आणि चौकट काखोटीला मारून घर गाठलं.

सेलेदोनियाबाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. हातातला मॅटे चहा निवून गेला. मग त्यांचे डोळे भरून आले.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच माझे आजोबा."

"कान बघ ना आई! डिट्टो!" मिर्था ओरडली.

संध्याकाळपर्यंत नेल्सन पुढच्या खोलीत खिळे ठोकत शीळ घालत होता. पण मिर्थाच्या पोटात बातमी कधी टिकते का? दुसऱ्याच दिवशी पांढऱ्यांच्या क्लबाचे अध्यक्ष ओलिम्पो दारात हजर.

"कर्नलसाहेब घरात कसले ठेवता? क्लबात लागले पाहिजेत! शनिवारी समारंभ. बँड सांगितलाय."

नेल्सनला 'तुम्हाला कुठला हवाय' आठवलं. पण बँड सांगून झाला होता.

शनिवारी सकाळी मिर्थाने कौतुकाने काच व्हिनेगरने लख्ख पुसली, लगेच चौकटीवर पांढरं कापड बांधलं आणि काचेखाली काय उघडं पडलं ते घाईत तिच्याही ध्यानात आलं नाही.

क्लबात ओलिम्पोंना चेव चढला होता. "या कानांनी शत्रूच्या घोड्यांच्या टापा कोसावरून ऐकल्या! आणि तेच कान आज, मंडळी, आपल्या सेलेदोनियाबाईंच्या डोक्यावर विराजमान आहेत!"

टाळ्या पडल्या. कापड सरकलं. टाळ्या थांबल्या.

चुन्याचा ओघळ गेला होता आणि फीत काळीकुट्ट दिसत होती. जुन्या फोटोत तांबडं काळं दिसतं, हे मेलोतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तांबडा!" कुणीतरी किंचाळलं. ढोलवाल्याच्या हातातली काठी पडली.

"नेल्सन, हे काय?" ओलिम्पोंचा आवाज चिरका झाला.

"व्हिनेगर..." नेल्सन पुटपुटला. डोळ्यांसमोर त्याला खुराडं दिसत होतं आणि मेजरच्या मिशीवर बसलेली कोंबडी.

तेवढ्यात सेलेदोनियाबाईंची काठी फरशीवर आपटली.

"ओरडायला काय झालं? तांबडाच आहे. कर्नलनी कैद केला याला, फोटो लुटीत मिळाला. शत्रूचं थोबाड बघायची हिंमत नाही तुमच्यात? मग घरी नेते मी."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणी "वा, बाई!" म्हणालंसुद्धा. आणि मग मागच्या रांगेतून एका म्हातारीने निरागसपणे विचारलं, "हो, पण मग कान?"

अख्खा क्लब वळून सेलेदोनियाबाईंकडे बघू लागला. त्यांनी शांतपणे रुमाल कानांवरून घट्ट बांधला.

"गार वारा सुटलाय," त्या म्हणाल्या. जानेवारी म्हणजे मेलोतला ऐन उन्हाळा, लोक घामाने निथळत होते.

घरी येऊन नेल्सन मुकाट्याने भिंतीतले खिळे उपटू लागला. सेलेदोनियाबाई फोटो घेऊन आत आल्या.

"हे काय चाललंय?"

"खोली रिकामी करतोय. चुकलंच माझं, आई. हे काही कर्नल नव्हेत."

"नव्हेतच. कर्नलचे कान उंदरासारखे इवलेसे होते." त्यांनी दार लोटून घेतलं. "हा फोटो माझी आजी मिठाच्या बरणीमागे ठेवायची. कर्नल मोहिमेवर गेले की बाहेर काढायची. लहानपणी मी पाहिलाय ना. ती गेली तेव्हा कुणा शहाण्याने तो भंगारात दिला."

नेल्सनच्या हातातली पक्कड तशीच राहिली. "म्हणजे... तुम्ही पहिल्याच दिवशी..."

"कर्नलचा आण, असं म्हणाले होते का मी? आजोबांचा आण म्हणाले होते. आणलास." त्यांनी फोटो त्याच्या हातात दिला. "इथे मधोमध लाव. आणि तो न्हाणीघरातला जनरल आजच हलव, मला उद्या डोक्यावरून अंघोळ करायचीय."