सळई बरोबर आहे

गिअरबॉक्स बदलायचा, एवढंच ठरलं होतं. बाकीचं सगळं रामायण त्याच्या पोटातून निघालं.

गल्लीत त्यांना उस्ताद म्हणत. (ही पदवी दिली कोणी म्हणाल, तर त्यांनी स्वतःच. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली पाठ घासल्यावर माणसाला तेवढा हक्क पोचतो.) त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक जुनी पिकअप. क्लच नसलेली, ऑटोमॅटिक, आणि वयाने थोरल्या लेकीच्या बरोबरीची. तिचा गिअरबॉक्स आता थकला होता. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गल्लीभर बोंब मारायचं आणि गाडी जागची हलायची नाही. (अशी माणसंही असतात. उस्तादांच्या मते त्यांचा साडू त्यातला.)

एके दिवशी बायकोने शेडच्या दारात उभं राहून निकाल दिला.

"माझं कपाट वर्षभर ताईकडे पडलंय. रविवारी बाराच्या आत ते या गाडीतून घरी आलं पाहिजे. नाही आलं, तर भंगारवाला गाडी ओढून नेईल. मी सांगून ठेवलंय त्याला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

उस्तादांनी पाना उचलला. बोलण्यात हरलं की ते पाना उचलायचे. घरात पाने पुष्कळ होते ते उगाच नाही.

दुसऱ्या कुणीही जुन्यासारखाच गिअरबॉक्स शोधून आणला असता आणि दोन दिवसांत बसवून हात धुतले असते. पण सरळ काम केलं तर उस्ताद कसले! त्यांनी एका ठोकलेल्या मोठ्या व्हॅनचा गिअरबॉक्स उचलून आणला. जुन्याला तीन गिअर, याला चार.

"चौथा पडला ना, की गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जाईल," ते बायकोला म्हणाले.

"आधी शेडमधून बाहेर जाऊ दे," बायको म्हणाली.

इंजिनाला बॉक्सची भोकं जुळली, पण बॉक्स निघाला चांगला वीतभर लांब. मग मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवाल्याकडून वीतभर कापून आणला. बॉक्स पेलणारा आडवा पट्टा मागे सरकवला. पूर्वी दांडा योग्य जागी असल्याशिवाय गाडी सुरूच होत नसे. त्या सोयीच्या दोन वायरी नव्या बॉक्सला लागेनात, तेव्हा उस्तादांनी त्या एकमेकींत पिळून काम भागवलं. आता गाडी कुठेही सुरू होणार होती. (शहाण्याला इथेच घाम फुटला असता.)

राहिली एक सळई. स्टिअरिंगजवळचा दांडा आपण हलवतो, त्याचा निरोप खाली गिअरबॉक्सला पोचवते ती ही सळई. जुनी बसेना, म्हणून उस्तादांनी नवी घडवली. माप घेतलं डोळ्याने. ती बोटभर आखूड झाली.

हे उस्तादांना कळलं का? छे. ते कळलं बायकोला.

शनिवारी मागची चाकं लोखंडी घोड्यांवर अधांतरी उचलून गाडी सुरू केली होती. तेल कुठून गळतंय ते बघत उस्ताद गाडीखाली उताणे पडले होते. बायको वर ड्रायव्हरच्या जागी स्वेटर विणत बसली होती आणि ते सांगतील तसा दांडा हलवत होती. दांड्यासमोर पट्टीवर अक्षरं होती. पी म्हणजे गाडी उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे.

"पी वर टाक!" खालून हुकूम आला.

बायकोने दांडा टाकून मागे डोकावून बघितलं. "टाकलं. पण चाकं उलटी फिरताहेत."

"हवेतली चाकं कशीही फिरतात! आर वर घे!"

"घेतलं. थांबली."

"एन!"

"आता सुलटी फिरताहेत. आणि भन्नाट! अहो, हे सगळं एकेक घर सरकलंय."

"तू तुझं विणकाम बघ!"

"ते येतं म्हणूनच सांगतेय. एक टाका चुकला की पुढची ओळच्या ओळ सरकते."

"सळई बरोबर आहे!" उस्ताद खालून गरजले, तेवढ्यात तेलाचा एक थेंब त्यांच्या उघड्या तोंडात पडला. त्यामुळे पुढचं वाक्य गेलं.

रविवारी सकाळी साडू हजर. नवी कोरी गाडी लांब उभी करून आला होता, न जाणो उस्तादांची सावली पडायची. हातात चहाचा कप घेऊन अंगणात उभा राहिला.

"साडूभाऊ, कपाट नऊ वाजल्यापासून दारात काढून ठेवलंय हं. ही दारात वाट बघत बसलीय."

"बसू दे. आलोच मी."

भंगारवालाही आला. बाराची वेळ दिली होती तरी साडेदहालाच साखळी घेऊन आला आणि टायरला पायाने टोचून बघू लागला.

"हात लावू नकोस," उस्ताद म्हणाले.

"पाय लावला, काका."

उस्ताद ऐटीत गाडीत बसले. दांडा पी वर होता, म्हणजे त्यांच्या हिशेबाने गाडी ढिम्म उभी. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि गाडी सटकली ती मागे. मागे वाळत घातलेले कपडे होते. दोरी तुटली, खांब वाकला, आणि पाहता पाहता काचेवर पलंगपोस आला. उस्तादांनी घाबरून दांडा एन वर मारला. (गाडी मोकळी करावी, चार श्वास घ्यावेत, हा शहाणा विचार.) गाडी तशीच पुढे झेपावली. पलंगपोसामागून पुढचं दिसेना. पाण्याचं पिंप मात्र कुठे होतं ते आवाजावरून कळलं.

धूळ खाली बसल्यावर साडू म्हणाला, "मागेही जाते आणि पुढेही. छान आहे."

"अहो, सळई..." बायको म्हणाली.

"सळई बरोबर आहे! पट्टीवरची अक्षरं चुकलीत!"

आणि खरंच, त्या गृहस्थाने पांढऱ्या चिकटपट्टीचे चार तुकडे कापले, त्यांवर अक्षरं लिहिली आणि पट्टीवर एकेक घर सरकवून डकवली. सळई बोटभर वाढवायला अर्धा तास लागला असता. पण मग बायकोसमोर चूक कबूल करावी लागली असती, आणि त्याला उरलेला जन्म पुरला नसता.

दुसऱ्या फेरीला गाडी फाटकातून बाहेर पडली. उस्तादांनी आरशात साडूकडे बघून भुवया उडवल्या. न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळं झकास. तिथे समोरून रिकाम्या बाटल्यांची हातगाडी आडवी आली. उस्तादांनी ब्रेक मारला, वाट मोकळी होईपर्यंत थांबायचं म्हणून दांडा वर सरकवून पी वर टाकला आणि पाय उचलून आरामात बसले.

चिकटपट्ट्या डोळ्यांसाठी होत्या. हात चाळीस वर्षं एकाच वाटेने गेलेला. त्याला कोण वाचून दाखवणार?

गाडी पुन्हा मागे निघाली. न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं. उस्ताद एका हाताने स्टिअरिंग सांभाळत, दुसऱ्या हाताने दांड्याशी झटत, मान मागे वळवून उलटे उलटे आपल्याच फाटकातून आत आले. मधे दोनदा त्यांचा हात जुन्या आर वर गेला आणि दोन्ही वेळा त्यांनीच तो घाईघाईने काढून घेतला, कारण आधीच मागे चाललेल्या गाडीला आर कशाला! (नेमकी तिथेच ती मोकळी झाली असती.) शेवटी ब्रेक आठवला. गाडी भंगारवाल्याच्या पायाशी येऊन थांबली.

"आलात?" तो म्हणाला. "मीच तिकडे येणार होतो." आणि साखळी उलगडायला लागला.

सव्वाअकरा झाले होते. उस्ताद खाली उतरले. साखळीचा आकडा बंपरखाली अडकला. या गाडीतून त्यांनी पोरींचे संसार वाहिले होते. त्यांनी बंपरवर हात ठेवला आणि तो काढून घेतला नाही.

बायकोने तो हात बघितला. विणकाम पिशवीत टाकलं, पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली.

"साखळी काढ रे. बारा वाजायचेत अजून. आणि तुम्ही, चला, बसा या बाजूला."

"तुला चालवता येते?"

"लेकीकडे गेलो की तिची चालवते की दरवेळी. तुम्ही मागे बसून घोरत असता."

तिने चारी चिकटपट्ट्या टराटरा उपटून काढल्या. दांडा पी वर ठेवून गाडी मागे घेतली, एन वर ओढून पुढे काढली. आदल्या दिवशी तासभर तिने हेच तर केलं होतं. तिच्या हाताला दुसरी वाट माहीतच नव्हती. मोठ्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज एकदम खाली आला आणि गाडी अलगद धावू लागली.

"चौथा पडला!" उस्ताद ओरडले.

"कळलं. गप्प बसा, मला वळायचंय."

ताईच्या दारात तिने गाडी एकाच दमात मागे लावली. विटा चाकाखाली ठेवायला उस्ताद उतरले, कारण या गाडीला आता पी नावाची उभी राहायची जागाच उरली नव्हती. कपाट चढलं. बाराला दहा कमी असताना ते घराच्या अंगणात उतरलं. भंगारवाल्याने साखळी गुंडाळली. साडूचा चहा गार होऊन त्यावर साय आली होती.

गाडी वाचली. उस्ताद जिंकले. फक्त सोमवारपासून गाडी बायकोच चालवू लागली. मंगळवारी ती सगळ्या गल्लीची दळणं घेऊन गेली. बुधवारी न्हावी म्हणाला, "उस्ताद, वहिनींना विचारा ना, माझी खुर्ची आणायचीय, गाडी मिळेल का?"

हे मात्र फार झालं. गुरुवारी दुपारी बायको झोपल्यावर उस्ताद गुपचूप गाडीखाली शिरले आणि सळईला बोटभर तुकडा जोडला. आता पी म्हणजे पी आणि डी म्हणजे डी. शुक्रवारी ते अंघोळ करून, केस विंचरून अंगणात उभे राहिले. त्यांच्याआधी बायको गाडीत बसली होती.

तिने पी वर मागे घ्यायला बघितली. गाडी ढिम्म. एन वर पुढे काढायला बघितली. इंजिन नुसतं बोंबललं. ती शांतपणे खाली उतरली.

"अहो, काय केलंत गाडीला?"

"दुरुस्त केली."

"बिघडली कुठे होती?"

"अगं, ती सळई बोटभर आखूड..." उस्तादांनी जीभ चावली, पण वेळ गेली होती.

बायकोने घड्याळ बघितलं.

"अकराला मला न्हाव्याची खुर्ची पोचवायचीय," ती म्हणाली. "होती तशी करून द्या."

"अगं, पण ते चूक होतं!"

"माझ्या हाताला बरोबर होतं. करवत आणून देऊ?"

उस्ताद गोणपाट अंथरून गाडीखाली सरकले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गाड्या दुरुस्त करताना बिघडवल्या होत्या, पण सांगून बिघडवून घेणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. त्यांनी मोजपट्टी मागवली, माप घेतलं, पुन्हा घेतलं, खडूने खूण केली आणि तुकडा कापला. बायकोने वर बसून एकेक अक्षर तपासलं.

चाळीस वर्षांत उस्तादांच्या हातचं काम पहिल्याच फटक्यात बिनचूक बसलं ते हेच.