मारुतीखालचा आकडा

चौथ्या मिनिटाला ट्रेडमिल पुन्हा थांबली. मोरोपंतबुवा दांडे धरून धापा टाकत उभे राहिले.

"बोर्ड गेला," ते म्हणाले.

"अहो, स्वतःचा चेहरा बघा जरा," त्यांच्या पत्नी लतिकाबाई म्हणाल्या.

"माझ्या चेहऱ्याला काय झालंय? बिघडलंय ते यंत्र."

गेल्या हनुमान जयंतीला रोह्याच्या देवळात कीर्तनाचा उत्तररंग ऐन भरात असताना बुवांना भोवळ आली आणि ते मटकन खाली बसले. अशोकवनातल्या सीतेच्या शोकानेच बुवा बसले असं श्रोत्यांना वाटलं. बायका तर मुसमुसून रडल्या. डॉक्टरांना मात्र रडू आलं नाही. "वीस मिनिटं न थांबता चालून दाखवा, मगच कीर्तनाला उभे राहा," त्यांनी बजावलं. नारदाच्या गादीवर बसून कीर्तन करणं बुवांना मान्य नव्हतं. रामवाडीच्या हायवेवर चालणं म्हणजे वेगळंच मरण, म्हणून घरात ट्रेडमिल आली. आता जयंतीला आठ दिवस राहिले होते.

दुरुस्तीला रोह्याचा जगन आला. ते अर्धं आख्यान त्यानेही ऐकलं होतं.

"बुवा, आमचा मारुती वरीसभर लंकेतच अडकलाय. ही मशीन चाललीच पायजे."

त्याने झाकण उघडून मोटरचा बोर्ड काढला, रोह्याला नेऊन दिवसभर चालवून पाहिला. बोर्ड ठणठणीत निघाला. तरी मनात किंतु नको म्हणून त्याने नवा बोर्ड आणून बसवला.

बुवा चढले. चौथ्या मिनिटाला मशीन थांबली.

"तुझा नवाही बोर्ड फुकट!" बुवा कडाडले.

जगन स्वतः वीस मिनिटं चालला. मशीन थांबली नाही. तेवढ्यात मीठवाली धोंडुबाई आली. तिला डोक्यावरच्या पाटीसकट वर चढवलं. तीही वीस मिनिटं चालली.

"काय गो वैनी ही मशीन! एवढी चालले, पन पोचले कुठंच नाय."

बुवा इरेला पेटून पुन्हा चढले. चौथं मिनिट झालं आणि पट्टा थांबला.

जगनची नजर समोरच्या पडद्याकडे गेली. यंत्र घरी आलं त्या दिवशी लतिकाबाईंनी त्याची पूजा करून पडद्याच्या कोपऱ्यात मारुतीचं चित्र चिकटवलं होतं. छाती फाडून राम दाखवणारा मारुती. आजवर त्याला हात लावायची जगनची छाती झाली नव्हती. आता त्याने चपला काढल्या, "देवा, माफ कर" म्हणत चित्र सोडवलं. खाली एक लाल बदाम लुकलुकत होता. शेजारी आकडा होता, एकशे बाहत्तर.

"ह्ये काय?" धोंडुबाईने विचारलं.

"बुवांच्या छातीचे ठोके," जगन हळूच म्हणाला. "दांडे धरले की मशीन मोजते, न् लय वाढले की आपसूक थांबते. बोर्ड बरोबर हाय, बुवा. बिघाड वर उभा हाय."

धोंडुबाईने पाटी खाली ठेवली.

तपासणीत हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या. पनवेलला ऑपरेशन ठरलं, तेही नेमकं जयंतीच्या दिवशी. त्या सकाळी जगन इस्पितळात भेटायला आला. त्याने खिशातून ते चित्र काढून बुवांच्या हातात दिलं.

"आमच्या मारुतीचं काय, बुवा?"

"राहू दे लंकेत आणखी वर्षभर. शेपटी तेवढी विझवून घे म्हणावं."

"छाती उघडायची आहे, जवळ काही ठेवायचं नाही," नर्स म्हणाली. लतिकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

बुवांनी चित्र एकदा नीट पाहिलं आणि बायकोच्या हातात ठेवलं.

"रडतेस काय? याने तर भूलसुद्धा घेतली नव्हती."