दोनशे त्रेचाळीस रिकामी पाकिटं

त्या शनिवारी सदानंदने घरात मदत करायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

एरवी त्याची मदत म्हणजे जेवलेलं ताट बेसिनपर्यंत नेणं. (मधेच फोन आला तर तेही राहून जायचं.) पण त्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती, बायको विनिता प्रशिक्षणासाठी पालघरला गेली होती, आणि गॅलरीत खुर्ची टाकून निवांत चहा प्यावा म्हटलं तर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन फुगलेल्या पिशव्या, चार जुड्या आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लावलेली तीन वेफर्सची पाकिटं. सगळी रिकामी. तेवढ्यात खाली घंटागाडी वाजली.

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे सदानंदला माहीत होतं. इथे तर कचरा धुऊन, वाळवून, रबरबँड लावून ठेवलेला. बायकोच्या टापटिपीचं कौतुक करत त्याने सगळं खाली नेऊन दिलं.

"असा कचरा देणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय, साहेब," गाडीवरचा माणूस म्हणाला.

सदानंद छाती काढून जिना चढला. वर गॅलरीच्या दारात त्याची नववीतली मुलगी जागृती उभी होती.

"बाबा, आईचं गणित कुठाय?"

"कसलं गणित?"

"इथे दोरीवर होतं ते."

विनिता सांडोरजवळच्या एका शाळेत तिसरीचा वर्ग शिकवायची. डिसेंबरात तिने मुलांना कळंबच्या किनाऱ्यावर नेलं होतं. वाळूतली रिकामी पाकिटं वेचायची, दहांची एक जुडी बांधायची, दहा जुड्या झाल्या की एका पिशवीत भरायच्या. शतक, दशक, एकक म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखायचं, तीच मुलं "बाई, माझ्या दशकाला दोन कमी आहेत" म्हणत सुरूच्या झाडांखाली पळत सुटली होती. मग प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची: आत काय होतं, कुठे भरलं, कधी भरलं. वर्गातला जो जॅक्सन धड्यातली एक ओळ वाचायला अर्धा तास घ्यायचा, तो पाकीट मात्र मागूनपुढून वाचायचा. बुधवारी पालकांसमोर हे सगळं मांडायचं होतं, आणि जॅक्सन पहिल्यांदाच मोठ्याने वाचणार होता.

सदानंद जिन्यावरून धावला, पण घंटागाडी नाका ओलांडून गेली होती.

"किती होती?" परत येऊन त्याने विचारलं.

"दोन शतक, चार दशक, तीन एकक."

"म्हणजे?"

"दोनशे त्रेचाळीस, बाबा."

सरळ माणसाने बायकोला फोन केला असता. सदानंद वाण्याकडे गेला. दुकानात टांगलेल्या वेफर्सच्या सगळ्या माळा उतरवून घेतल्या, घरी आणल्या आणि एकेक पाकीट फोडायला बसला. पाकिटं रिकामी हवी होती. वेफर्सचं काय करायचं, हा विचार शंभरीनंतर आला. आधी डबे भरले. मग कुकर. मग पाहुण्यांसाठी ठेवलेली नवी बादली.

पाकिटं फारच चकचकीत दिसत होती. म्हणून त्याने गॅलरीच्या कठड्याशी टबात मिठाचं पाणी केलं आणि त्यांना समुद्राचा अनुभव दिला. खालच्या मजल्यावरच्या थेरेसा आँटी वर मान करून बघत होत्या.

"सदानंद, पाकिटांचं लोणचं घालतोस काय रे?"

"विनिताच्या शाळेचं काम आहे, आँटी."

"मग तिला करू दे ना. तिला येतं."

संध्याकाळी विनिता आली. भाताला कुकर घेतला, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं. "आज पोळ्याच करते," एवढंच म्हणाली. सदानंदने सुटकेचा श्वास सोडला. (लग्नाला सतरा वर्षं झाली होती, तरी सोडला.)

सोमवारी ती म्हणाली, "पिशव्या तुम्हीच आणून द्या वर्गात. मुलांना बरं वाटेल."

वर्गात पिशव्या उघडल्या. पहिल्या बाकावरच्या पिंकीने एक पाकीट उचललं, नाकाला लावलं.

"बाई, हे आपलं नाही."

"कशावरून?"

"आपली उन्हाने फिकी झालेली. याला मसाल्याचा वास येतोय."

"असेल एखादं चुकून," सदानंद म्हणाला.

जॅक्सन मागून पुढे आला. त्याने पाकीट उलटं केलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवून, एकदाही न अडखळता वाचलं, "भरल्याची तारीख, सहा जानेवारी." मग सदानंदकडे बघून म्हणाला, "काका, आम्ही कळंबला गेलो तेव्हा हे पाकीट झालंच नव्हतं."

विनिता जॅक्सनकडेच बघत होती. सदानंदने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं: घंटागाडी, वाणी, मीठ.

तो ओरडा खायला तयार होता. विनिताने खडू उचलला.

"आपले आकडे वह्यांत आहेत, ते कुठे जात नाहीत. आता नवीन गणित. काकांच्या घरी तीन माणसं. प्रत्येकाने रोज नऊ पाकिटांचे वेफर्स खाल्ले, तर ते किती दिवस पुरतील?"

मुलांनी बोटं मोजली, पाटीवर जुड्या काढल्या. "नऊ दिवस, बाई."

"तुला कधी कळलं?" सदानंदने हळूच विचारलं.

"कुकर उघडला तेव्हा. पण शोधून काढायचा मान मुलांचा होता."

त्याला वाटलं, आपण सतरा वर्षं या बाईसोबत राहतो आणि शिकतात मात्र तिसरीची मुलं.

बुधवारी पालक आले. भिंतीवर आलेख होता: कळंबचा किनारा, एक सकाळ, २४३. शेजारी तेवढाच उंच दुसरा स्तंभ: सदानंद काका, एक दुपार, २४३. खाली मुलांनी लिहिलेला उतारा, 'काकांनी केलेली मदत'. तो जॅक्सनने खणखणीत वाचला आणि त्याची आई पदराने डोळे पुसत राहिली. सदानंद स्टीलच्या ताटातून वेफर्स वाटत फिरत होता.

उताऱ्याखाली प्रश्न होता: 'काकांच्या चुका दोन ओळींत लिहा.'

पिंकीने भराभर लिहिलं, कागद उलटला, मागची बाजूही भरली आणि हात वर केला.

"बाई, पुरवणी मिळेल?"