शंकरपटाचा उंदीर

आमचे शेजारी पुंजाजीभाऊ कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्या पाठीवर थाप मारतात. कलिंगडाला थाप मारणारे पुष्कळ असतील. पुंजाजीभाऊंनी भर दुकानात फ्रिजला मारलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. थाप मारतात, दोन पावलं मागे सरतात आणि वस्तू दचकते का ते गंभीरपणे बघतात. अख्ख्या अमरावतीत सोफा बुजरा आहे का हे तपासणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

त्यांची सगळी नोकरी दर्यापूरकडे, जनावरांच्या दवाखान्यात गेली. निवृत्त होऊन ते आमच्या गल्लीत आले, पण नजर गोठ्यातच राहिली. माझ्या स्कूटरला ते म्हणाले, "मागून हलकी हाये." माझ्या जावयाला म्हणाले, "खुराक चांगला, पन जोर घशातच." दोन्ही निदानं खरी निघाली, म्हणून मी त्यांना मानतो. जावई मानत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, नलूवहिनींना, लकव्याचा झटका आला. वहिनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून द्यायच्या. गावातल्या किती घरांचे गणपती त्यांनी पत्रिकेच्या कोपऱ्यात बसवले असतील, देव जाणे. त्या वाचल्या, चालू-बोलू लागल्या, पण उजव्या हाताची बोटं मिटली ती मिटलीच. डाव्या हातानं जुना माउस ओढता ओढता एकदा टेबलावरचा चहाचा कप खाली गेला. त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, "दिवाळीच्या आत हे घरातून काढा. मले डोळ्यासमोर नको."

दुसऱ्या दिवशी पुंजाजीभाऊ सकाळी माझ्या दारात उभे.

"मास्तर, चाला. उंदीर पाह्याले जाऊ."

कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की गेम खेळणारी पोरं वापरतात तो बिनवायरचा माउस फुलासारखा हलका असतो. बोट नुसतं टेकलं तरी काम होतं. पण त्यांना शंका होती, आणि ती त्यांनी रिक्षात मला समजावून सांगितली.

"हा शंकरपटाचा बैल हाये. पटात पळते, सारे टाळ्या वाजवते. पन घरच्या डवऱ्याले चालन का?"

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत. एक काम डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं, दुसरं उन्हं उतरेपर्यंतचं. पुंजाजीभाऊंना दुसऱ्या कामाचा उंदीर पाहिजे होता.

दुकानदार शकीलभाईनं एक काळा माउस काढला. पुंजाजीभाऊंनी थाप मारली. माउसच्या पोटातून निळे-लाल दिवे पेटले.

"बिचकला," ते म्हणाले.

"बिचकला नाई भाऊ, जागा झाला."

"मंग झोपला काहून होता? आता तं कुठं सकाळ हाये."

"बॅटरी वाचवाले झोपते तो."

"कामचुकार बैलही हेच सांगते." त्यांनी माउस उलटा केला, पोट पाहिलं, चाक फिरवून दात तपासावेत तसं वाकून पाहिलं. मग डाव्या तळव्याखाली घेतला आणि मान हलवली. "हा उजवीचा हाये. जुवाच्या उजवीकळे चालनारा बैल डावीकळे जुपला तं औत बांधावर नेते. मले डावीचा पाहिजे."

"अरे, तं आधी सांगा लागते ना, डाव्या हाताचा पाहिजे म्हनून," शकीलभाई कपाळावर हात मारून म्हणाला आणि त्यानं दोन्ही हातांना चालणारा, पांढरा, काढला. "घेऊन जा. नाई जमला तं वापस आना. पन थापा हळू मारा भाऊ, प्लास्टिक हाये."

उंदराची दावण पडली माझ्या घरी. वहिनींना कळू द्यायचं नव्हतं. रोज संध्याकाळी पुंजाजीभाऊ आमच्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढं बसत आणि डाव्या हातानं तो माउस हाकत. जन्मात कॉम्प्युटरला हात न लावलेला माणूस. पहिल्या दिवशी बाण असा काही सुसाट सुटला, की तो सापडेपर्यंत चहा निवला. "पटाचीच सवय," ते पुटपुटले. शकीलभाईनं फोनवरून एक बटण सांगितलं, ते दाबलं की चाल मंदावते. मग पत्रिकेच्या कोपऱ्यात गणपती बसवायची कसोटी सुरू झाली. गणपती कधी वधूच्या मामाच्या नावावर बसे, कधी सोंड कागदाबाहेर काढून उभा राही. पुंजाजीभाऊ घाम पुसत, पुन्हा धरत.

माझी बायको न राहवून म्हणाली, "भाऊजी, नलूबाईलेच आनून बसवा ना. तिले दोन मिनिटांत समजन."

त्यांनी माउसवरचा हात काढला.

"बाई, बैल बिथरनार असन तं माह्या हातात बिथरू द्या. तिच्या हातात बिथरला तं ते पुन्हा हात नाई लावनार. दिवाळी जवळ आली."

त्यानंतर आमच्या घरात कोणी त्यांची थट्टा केली नाही. मीही नाही, आणि माझ्यासाठी तो मोठा त्याग होता.

शेवटी गणपती कोपऱ्यात बसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं, चादर काढली, कीबोर्डच्या डावीकडे माउस ठेवला आणि मोठ्यांदा वाचत पत्रिका करायला घेतली. "श्री गनेशाय नम."

आतून वहिनींचा आवाज आला. "नमः. विसर्ग द्या. अन् गनेश नाई, गणेश."

"कुठं हाये तो ण?"

वहिनी बाहेर आल्या. पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनी कारागिराची चीड आली. "सरका तिकळे."

पुंजाजीभाऊ सरकले. वहिनींनी डावा हात माउसवर ठेवला. बाण थोडा थरथरला, मग चालू लागला. गणपती कोपऱ्यात जाऊन बसला. त्यांनी तो किंचित वर सरकवला; पुंजाजीभाऊंनी माझ्याकडे तो जरा खालीच बसवला होता.

"जेवून जा, मास्तर," थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या.

पुंजाजीभाऊंनी तीन ताटं मांडली. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या. "तुमी बसा. मी मागून जेवते." आजारपणानंतर त्या कोणासमोर जेवत नसत, हे मला तेव्हा कळलं. डाव्या हातानं घास घेताना कोणी बघावं, हे त्यांना सोसत नव्हतं.

पुंजाजीभाऊंनी उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्या हातानं भाकर मोडायला लागले.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"माउस हाकून हाकून उजवा हात दुखून राहिला."

"तुमी तं डाव्यानंच हाकत होते. मास्तरची खिडकी आपल्या ओट्यावरून दिसते."

पुंजाजीभाऊंनी डाव्या हातानंच घास उचलला. त्यांचा पहिला घास वाटीत पडला, दुसरा शर्टावर. वहिनी थोडा वेळ बघत राहिल्या. मग आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या, ताट जवळ ओढलं.

"असं नाई," त्या म्हणाल्या. "बोटं जवळ घ्या. अंगठ्यानं लोटा." आणि डाव्या हातानं एक घास घेऊन दाखवला.