व्यसनी असल्याचा दाखला

पास्कू रोशाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मुंबई राज्याच्या दारूबंदीपुढे एक गंभीर पेच उभा राहिला.

चौलच्या खाडीपलीकडे, ख्रिस्ती वाडीत, नवरानवरीच्या नावानं वाईनचा प्याला उचलल्याखेरीज लग्न पुरं झालं असं कोणी मानत नसे. पास्कू स्वतः कुणाच्या लग्नात एक घोट घ्यायचा, नाताळाला एक. बाकी वर्षभर चहा. पण त्याच्या लेकीला, फिलूला, आई नव्हती. तिच्या लग्नात काही उणं राहू नये म्हणून तो आधी फादरकडे गेला.

"फादर, पिनं पाप हाय का?"

"नाही," फादर म्हणाले. "काना गावच्या लग्नात प्रभूनं स्वतः पाण्याचा द्राक्षारस केला. धुंद होणं पाप. आणि खोटं बोलणं पाप."

एवढं पक्कं झाल्यावर पास्कू तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथं बाळाजी कारकुनानं त्याला मायेनं समजावलं की सरकारही पिण्याच्या विरुद्ध नाही; न पिणाऱ्यानं पिण्याच्या विरुद्ध आहे. परवाना मिळतो तो व्यसनी माणसाला. सोबत डॉक्टरचा दाखला आणि खाली अर्जदाराची शपथ, की मी दारूच्या पूर्ण आहारी गेलो असून तिच्यावाचून माझ्या प्रकृतीस धोका आहे.

"पन मी पितंच न्हाय!"

"अहो, गावोगावच्या प्रतिष्ठितांनी ही शपथ घेतली आहे. करा सही."

पास्कूनं टाक उचलला आणि खाली ठेवला. "फादर बोलले, खोटं बोलनं पाप."

"मग खरं करून आणा," बाळाजी म्हणाला आणि जेवणाचा डबा उघडून बसला.

शासनाचा हा सल्ला पास्कूनं मनावर घेतला. लग्नाला पाच महिने होते. सुरूच्या बनामागं रंगू हातभट्टी लावायची. दारूला बंदी असल्यामुळे तिथं परवाना, दाखला, शपथ यांपैकी काहीच लागत नसे.

"कायद्याचं काय, रंगू?" त्यानं भीत भीत विचारलं.

"त्या जमादारानला इचारा. रोज येतान."

चटईवरच्या पोलीस जमादारानं पेला खाली न ठेवता परवानगीची मान हलवली.

पहिल्या दिवशी पास्कू ओकला. दुसऱ्या दिवशीही. "दादा, तुमाला जमाचा न्हाय. घरी जावा," रंगू कळवळून म्हणाली.

"जमाया पायजे गं. पोरीचं लगीन हाय."

चौथ्या महिन्यात सकाळी उठल्या उठल्या त्याचे हात कापू लागले. पास्कूनं गुडघे टेकून देवाचे आभार मानले. फिलू चुलीपाशी बसून रडली. डॉक्टरनं त्याला तपासलं आणि नोकरीत पहिल्यांदाच न लाजता दाखला लिहिला. पास्कूची सही फार वाकडी आली, पण तिच्यात लबाडी नव्हती.

परवान्याला एक अट होती: माल फक्त परवानाधारकाच्या वापरासाठी, दुसऱ्याला थेंब देणं गुन्हा. त्यामुळे लग्नाच्या मांडवात पाहुण्यांच्या पेल्यांत कोकमाचं सरबत आलं आणि वाईन एकट्या नवरीच्या बापाकडे. त्यानं फिलूच्या नावानं प्याला उचलला, मग जावयाच्या, मग व्याह्यांच्या. मग पाहुणे कोरडे राहायला नकोत म्हणून एकेकाच्या वतीनं. दिवस मावळताना फिलू त्याच्यापुढे आशीर्वादासाठी वाकली, तेव्हा त्यानं मांडवाचा खांब धरून तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"पोरी, तू कोनाची गं?"

व्याह्यांनी तोंड फिरवलं. पुढच्या रविवारी फादरनी धुंद होण्याच्या पापावर सुरेख प्रवचन दिलं. पास्कू मागच्या बाकावर डुलत होता.

वाडी अजून हळहळते. "भला मानूस फुकट गेला. गपचूप खोटी सही ठोकली असती तर?" तुम्हीही मघाशी, तो कचेरीत टाक खाली ठेवत होता तेव्हा, मनात हेच म्हणालात; मला ऐकू आलं. आणि ते म्हणताना तुम्ही तर एक थेंबही घेतलेला नव्हता.